आहे तसंच राहू द्या

कुवाता सुमिएला कंपनीतले लोक पाठीमागे ‘तोगाशींची सावली’ म्हणायचे. तोंडावरही म्हणायचे, फक्त तेव्हा हसून. तिला त्याचा राग कधी आला नाही, उलट बरंच वाटायचं. हिमी बंदरातल्या कोळ्याची पोर ती. बापाने कंपनीच्या दारात सोडताना सांगितलं होतं, “चहा नीट कर, उलट बोलू नकोस, आणि चांगलं स्थळ आलं की मुकाट्याने परत ये.” अशा मुलीला कुणाची सावली व्हायला मिळावी, आणि ती तोगाशींसारख्या माणसाची, म्हणजे नशीबच की!

कंपनी औषधपेट्यांची. जपानातल्या आमच्या तोयामात अशा कंपन्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्यात. विक्रेता घरी पेटी ठेवून जातो. तापाची, पोटदुखीची, कापल्या-भाजल्याची औषधं. पैसे मागत नाही. पुन्हा फेरीवर आला की पेटी उघडतो, वापरलं असेल तेवढ्याचेच पैसे घेतो, उणं भरून ठेवतो, आजीबाईंच्या गुडघ्यांची चौकशी करतो आणि पुढच्या घरी जातो. सगळा धंदा विश्वासावर. आणि त्या विश्वासाचे नियम इतके बारीक, की बाहेरचा माणूस डोकं धरून बसेल. घरात मयत झालं असेल तर त्या फेरीला पैशाचं नाव काढायचं नाही. एका विक्रेत्याचं गिऱ्हाईक दुसऱ्याकडे गेलं तर पहिल्याला त्याचा वाटा मिळत राहायचा, पण कुठवर, ते त्याने ती घरं किती वर्षं सांभाळली त्यावर. म्हातारा विक्रेता फिरायचा थांबला की त्याचं गाव कुणाला द्यायचं, त्याचीही रीत ठरलेली.

हे सगळं तोगाशींनी तरुणपणी कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये घातलं होतं. एकट्याने. तेव्हा ते यंत्र अख्खी खोली अडवून बसायचं आणि उन्हाळ्यात माणसांना पंखा नसला तरी त्याला गारवा लागायचा.

सुमिए त्या खोलीत चहा घेऊन जायची. एके दिवशी कप ठेवला आणि निघायचं सोडून कागदाकडे बघत तिथेच उभी राहिली.

“काय बघतेस?” तोगाशी म्हणाले.

“हे काय लिहिलंय?”

“काय लिहिलंय ते कळायला बसावं लागेल. बस.”

बसली ती बसलीच. तेव्हाचे साहेब तोगाशींवर भडकले होते. मुली काय, लग्न करून जाणार, त्यांना कशाला शिकवायचं! तोगाशी म्हणाले, “जाईल तेव्हा जाईल. तोवर तर कामाला येईल.” पुढे स्थळ आलंच. मुलगा ताकाओकाचा, तांब्या-पितळेच्या कारखान्यातला, दिसायला बरा. त्याच्या घरच्यांची एकच अट, नोकरी सोडायची. सुमिएने तोगाशींना विचारलं, काय करू? ते म्हणाले, “मला विचारू नकोस. तू राहावीस असं मला वाटतं, त्यामुळे माझं मत धरू नकोस.” असं तिच्याशी जन्मात कुणी बोललं नव्हतं. तिने स्थळ नाकारलं. बाप वर्षभर बोलला नाही. तिने आईचं शेवटपर्यंत केलं, भाड्याच्या घरात एकटी राहिली, माहिती विभागाची प्रमुख झाली. आणि तोगाशी निवृत्त झाल्यावरही वर्षा-वर्षाच्या करारावर तिच्या शेजारच्या टेबलावर येऊन बसत राहिले. आता ती साहेब आणि ते हाताखाली, पण खुर्चीवरून उठून नमस्कार करायची ती तीच.

मग तो दिवस आला. कॉम्प्युटर बनवणाऱ्यांनी कळवलं, तुमचं जुनं यंत्र आम्ही यापुढे सांभाळणार नाही, सगळा कारभार क्लाउडवर न्या. म्हणजे यंत्र आपल्या घरात ठेवायचंच नाही, दुसऱ्याच्या मोठ्या यंत्रांवर जागा भाड्याने घ्यायची. अध्यक्षांनी सुमिएला बोलावलं. अध्यक्ष म्हणजे जुन्या मालकांचे घरजावई. लग्नानंतर आडनाव बदलून कंपनीत आलेले. माणूस भला, पण सासऱ्याच्या वेळच्या लोकांपुढे अजून दबकूनच बोलायचा.

“सुमिए-सान, कसं न्यायचं ते तुम्ही ठरवा. बैठकीत मांडा. फक्त कुणाचं मन दुखवू नका.”

रस्ते तीन. एक म्हणजे आहे ते सगळं उचलून तसंच तिकडे न्यायचं. दुसरा, सगळं नव्याने लिहायचं, पण तेवढा पैसा आणि दम कंपनीत नव्हता. तिसरा, बाजारात तयार मिळतं ते घ्यायचं, भाड्याच्या घरासारखं. घर त्यांचं, खिळे ठोकायचे नाहीत, आपल्या सवयी त्यांच्या भिंतींना बेतायच्या.

पहिला रस्ता ऐकायला सगळ्यात सोपा, पण तो नुसता उचलून ठेवायचा मामला नव्हता. जुन्या यंत्राची भाषा नव्याला कळत नाही. ओळ न्‌ ओळ बदलावी लागते, आणि जिथे आकडा जुळत नाही तिथे कुणीतरी सांगावं लागतं, की हे असं का लिहिलंय. निम्मं सुमिएला माहीत होतं. उरलेलं, महिनाअखेरचं आणि विक्रेत्यांच्या वाट्यांचं, ती यायच्या आधीचं. ते फक्त तोगाशींच्या डोक्यात होतं.

आणि तोगाशी विसरायला लागले होते.

हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. वसंतात त्यांनी मयतीच्या घरांचा नियम दुरुस्त केला. काही दिवसांनी, आपण तो दुरुस्त केलाय हे विसरून, पुन्हा दुरुस्त केला आणि तो उलटाच होऊन बसला. यंत्राच्या यादीप्रमाणे एका विक्रेत्याने सुतक असलेल्या घरी उदबत्तीसमोर बसून हिशेब मागितला आणि घरच्या म्हातारीने पेटी, परत न्या म्हणून, त्याच्यासमोर अंगणात नेऊन ठेवली. सुमिएने तो नियम गुपचूप सरळ केला, यंत्र जुनं झालंय असं सगळ्यांना सांगितलं आणि त्या घरी स्वतः जाऊन माफी मागून आली. नंतर तोगाशींनी तो कागद बघितला आणि संतापून विचारलं, “ह्यात हात कुणी घातला?” ती म्हणाली, “मीच, चुकून.” ते म्हणाले, “तू? मग ठीक आहे. लक्ष देत जा.”

त्यानंतर ती वाट्यांबद्दल त्यांना विचारू लागली. सहज विचारल्यासारखं, डबा खाताना. दर वेळी उत्तर मोठ्या आत्मविश्वासाने यायचं आणि दर वेळी वेगळं असायचं. ती मान डोलवायची आणि डबा अर्धाच झाकून ठेवायची.

आता आमच्याकडची रीत अशी, की बैठकीत काही ठरत नाही. आधी एकेकाच्या टेबलापाशी जायचं, हवापाण्याचं बोलायचं, हळूच विषय काढायचा आणि होकार मिळवायचा. बैठक म्हणजे अक्षता टाकायला जमणं, लग्न आधीच ठरलेलं असतं. सुमिएने मनाशी तयार मिळणारंच घ्यायचं ठरवलं आणि निघाली होकार गोळा करायला.

विक्रीप्रमुख किताओ गडगडाटी माणूस. विषय निघताच हसायला लागला.

“ढगात ठेवायचं म्हणे सगळं! अहो, तोयामात ढगांचा दुष्काळ आहे का? हिवाळाभर डोक्यावर तेच तर असतात!”

“तयार मिळतं ते घेतलं तर स्वस्त पडेल, किताओ-सान. थोडे नियम बदलावे लागतील.”

“बदला की! सगळं बदला. मी काय जुनाट माणूस वाटलो का तुम्हाला? फक्त आमचे वाटे आहेत तसे राहू द्या. आणि मयतीचं. आणि गावं वाटायचं. बाकी खुशाल बदला.”

“मग बाकी राहिलं काय?”

“ते तुम्ही बघा, तुम्ही शिकलेल्या.” मग आवाज खाली आणून, टेबलाकडे बघत म्हणाला, “तोगाशी-सान आहेतच ना. ते असेपर्यंत काळजी कसली?”

हिशेबखात्याच्या ओगिताबाई बारीक आवाजाच्या, पण करवतीसारख्या. त्यांनी चहा दिला, वर तांदळाची खारी बिस्किटं दिली आणि म्हणाल्या, “महिनाअखेरीचा कागद आहे तसाच निघाला पाहिजे. रेघसुद्धा हलता कामा नये. बाकी काही म्हणणं नाही.”

“ओगिता-सान, समजा तोगाशी-सान नसले, तर...”

“नसले म्हणजे?” बाईंनी कप खाली ठेवला. “वय झालं की थोडं इकडे तिकडे होतंच, सुमिए-सान. माझा चष्मा रोज हरवतो. असल्या गोष्टी कुणी बोलत नाही.”

म्हणजे बाईंना माहीत होतं. किताओलाही माहीत होतं. सगळ्या मजल्याला माहीत होतं! आणि एका माणसाला ओशाळं वाटू नये म्हणून अख्खी कंपनी डोळे मिटून त्याच्याच स्मरणशक्तीवर आपला संसार ठेवायला निघाली होती. चांगुलपणाने माणसं जेवढा घोटाळा करतात तेवढा वाईटपणाने कुणाला जमत नाही, हे माझं आपलं मत.

सुमिएलाही ते कळत होतं. पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कुणी? जो तो आहे तसंच म्हणाला, आणि बैठकीसाठी तिने जो प्रस्ताव लिहिला तो शेवटी पहिल्याच रस्त्याचा झाला. आहे तसं उचलायचं, प्रमुख जबाबदारी तोगाशी. तिने तो लिहिला तेव्हा तिला स्वतःचीच किळस आली.

बैठकीच्या आदल्या दिवशी तोगाशींची बायको फुसाए कंपनीत आली. नवऱ्याचा डबा घरी राहिला होता. डबा हे निमित्त होतं. तिने सुमिएला जिन्यापाशी गाठलं.

“सुमिए-सान, घरी असले की ते खिडकीशी बसून राहतात. मी कोण ते सकाळी क्षणभर कळत नाही त्यांना. पण ऑफिसला जायचं म्हटलं की टाय स्वतः बांधतात. तेवढं एक अजून हातात आहे.”

“मला माहीत आहे, वहिनी.”

“कधीतरी थांबावं लागणार, ते मलाही कळतं हो. घेऊन जाईन मी त्यांना. पण लोकांसमोर नको. जन्मभर त्या माणसाने आपल्या डोक्यावर भाकरी कमावली. ते डोकं गेलं असं कुणी त्यांच्या तोंडावर म्हणायला नको. एवढं करा.” आणि ती वाकली ती इतकी, की सुमिएला तिला हाताने धरून वर करावं लागलं.

“लोकांसमोर कुणी म्हणणार नाही,” सुमिए म्हणाली. शब्द दिला खरा, पण तो पाळायचा कसा ते तिला ठाऊक नव्हतं.

बैठकीच्या दिवशी बाहेर बर्फ साचलेलं होतं आणि खोलीत हीटरचा वास. सुमिएने प्रस्ताव वाचला. सगळ्यांनी माना हलवल्या. अध्यक्ष म्हणाले, “तोगाशी-सान, आपण दोन शब्द बोलावेत.”

तोगाशी उठले. टाय नीट, केस नीट. फार छान बोलले. ह्या यंत्रात नुसते आकडे नाहीत, गावोगावची माणसं आहेत, जुन्या विक्रेत्यांनी बर्फातून सायकली ढकलत जोडलेली घरं आहेत, ती एकही वाटेत सांडता कामा नये, असं म्हणाले. किताओच्या डोळ्यांत पाणी आलं. टाळ्या झाल्या. ते बसले.

ओगिताबाईंनी खर्चाचं काही विचारलं, सुमिएने उत्तर दिलं. अध्यक्ष समारोपाला तोंड उघडणार, तोच तोगाशी पुन्हा उठले. टाय सारखा केला आणि बोलायला लागले. ह्या यंत्रात नुसते आकडे नाहीत, गावोगावची माणसं आहेत...

शब्द न्‌ शब्द तेच. सायकली, बर्फ, घरं. कुणी हाललं नाही. सगळ्यांनी पहिल्यांदाच ऐकतोय अशा चेहऱ्याने ते ऐकलं. ज्या जागी मान हलवायची तिथे मान हलवली. शेवटी टाळ्याही वाजवल्या, अगदी तेवढ्याच. तोगाशी समाधानाने बसले. सुमिएला वाटलं, आपण आता ओरडणार.

“तर मग,” अध्यक्ष कागदाकडे बघत म्हणाले, “कुणाची हरकत नसेल तर...”

“माझी आहे,” सुमिए म्हणाली.

स्वतःच्या प्रस्तावाला स्वतःच हरकत! आमच्याकडे असं होत नाही. ओगिताबाईंनी तिच्याकडे असं बघितलं, की बाई, आता ते बोलू नकोस.

सुमिए उभी राहिली.

“प्रस्ताव मागे घेते. आहे तसं नेता येणार नाही. हे नेण्याचं काम उद्या माझ्यावर येणार, आणि ते मला येत नाही. वाटे कसे पडतात, महिनाअखेर कशी लागते, मला येत नाही. तोगाशी-सानांनी मला इतकी वर्षं शिकवलं. त्यांनी सगळं सांगितलं. मीच शिकले नाही. विभागप्रमुख म्हणून हे लपवून ठेवलं, हा दोष माझा. तयार मिळतं ते घ्यावं. नियम जमतील तेवढे माणसांनी हाताने सांभाळावेत. माफ करा.”

आणि ती कमरेत वाकली. वाकलेलीच राहिली.

अध्यक्षांच्या तोंडून सुटकेचा श्वास निघाला, तो सगळ्यांना ऐकू आला. त्यांना हवं होतं ते कुणाचंही मन न दुखवता मिळालं होतं. कुणाचंही म्हणजे, जिचं धरायचं नाही तिचं सोडून. किताओ घसा खाकरून म्हणाला, “मग काय करणार, प्रमुखांनाच येत नसेल तर... तयारच घ्या.” पाच मिनिटांत सगळे तयार मिळणाऱ्याचे भक्त झाले.

फक्त तोगाशी उठले नाहीत. खोली रिकामी झाली तरी बसून राहिले. सुमिए कागद गोळा करत होती.

“तुला येत नाही?” ते म्हणाले.

“नाही.”

“वाट्यांचं? मी सांगितलं होतं की गं तुला.”

“सांगितलं होतं, तोगाशी-सान.”

“मग विचारायचं नाहीस का पुन्हा? मी कधी रागावलोय? दहा वेळा विचारलं असतंस तर दहा वेळा सांगितलं असतं.” ते टायची गाठ सारखी करत राहिले. “लोक म्हणायचे मुलीला शिकवून फुकट जाईल. मी भांडलो गं सगळ्यांशी. मी म्हणायचो, माझी सुमिए तशी नाही.”

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. वसंतातला तो कागद आठवा, एवढं म्हणायचा अवकाश. तिने ते वाक्य गिळलं, आणि तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो काय असतो ते तिला त्या दिवशी कळलं.

नव्या वर्षापासून सुमिएचं प्रमुखपद गेलं. तिला गोदामात पेट्या भरण्याच्या विभागात पाठवलं. बढतीची बातमी सांगावी तशा गोड शब्दांत अध्यक्षांनी ते सांगितलं. नवी व्यवस्था टोकियोहून आलेल्या लोकांनी बसवली. वाटे पहिल्या महिन्यात चुकले, किताओने आरडाओरडा केला, मग विक्रेत्यांनी आपसात बसून नियम सोपा करून घेतला. मयतीच्या घरांचं आता विक्रेते स्वतः लक्षात ठेवतात. एकूण काय, गाडं रुळावर आलं.

वसंतात तोगाशींचा करार संपला आणि कंपनीने त्यांना सन्मानाने निरोप दिला. निरोपाच्या जेवणाला शेवया झाल्या, ट्राउट माशाची सुशी झाली, तांदळाची दारू झाली. तोगाशी बोलायला उठले तेव्हा फुसाएने ओठांवर हात दाबला. ते जास्त बोलले नाहीत. अध्यक्षांकडे वळून वाकले आणि म्हणाले, “माझी विद्यार्थिनी कमी पडली. शिकवणाऱ्याचाच दोष आहे. तिला सांभाळून घ्या.” सगळे आपापल्या ताटात बघत होते. टेबलाच्या टोकाला बसलेली सुमिए उठली आणि त्यांच्याकडे वळून वाकली. खोलीतल्या प्रत्येक माणसाला खरं माहीत होतं, आणि एकाने तोंड उघडलं असेल तर शपथ.

त्यानंतर ती महिन्यातून एकदा त्यांच्या घरी जायची. पुढच्या हिवाळ्यापर्यंत ते तिला ओळखेनासे झाले. औषधवाली बाई आली, असं ते फुसाएला हाक मारून सांगायचे. तीही मग गुडघ्यांची चौकशी करायची.

एका रविवारी ते खिडकीशी बसलेले होते. दूर ताते डोंगर स्वच्छ दिसत होते. ते आपणहून बोलायला लागले.

“माझ्याकडे एक मुलगी होती शिकायला. चहा घेऊन आली आणि बसली.”

“हो का?” सुमिए म्हणाली.

“हुशार. पण शेवटी शिकली नाही. का शिकली नाही, तेच मला कळत नाही. सारखं डोक्यात येतं.”

सुमिएला वाटलं, ह्या माणसाचं बाकी सगळं गेलं, तर हे एक दुःख तरी का शिल्लक राहावं? जाऊ दे की तेही. ती हसून म्हणाली, “आळशी असेल हो. असतात एकेक. कशाला तिचा विचार करता?”

तोगाशींनी मान वळवली. डोळे लाल झाले. खुर्चीच्या हातावर जोर देत ते उठून उभे राहिले.

“आळशी?” ते ओरडले. “तिला आळशी म्हणतेस? माझ्या घरात बसून? तुला काय माहीत गं ती कोण होती! फुसाए! ह्या बाईला बाहेर काढ. पुन्हा दारात उभी करू नकोस!”

फुसाए धावत आली. तिने दोघांकडे बघितलं आणि दारातच खाली बसली. सुमिए उठली, वाकून म्हणाली, “चुकलं माझं,” आणि निघाली. बाहेर बूट घालतानाही तिला आतून त्यांचा आवाज ऐकू येत होता. आळशी म्हणे, आळशी.